अंगठ्याएवढी उघडी जागा

तुम्ही काय करता, या प्रश्नाला मी आयुष्यभर दोन उत्तरं देत आलो. लग्नकार्यात भेटलेल्या माणसाला सांगायचो, "भट्टीत रंग भाजतो." त्यावर तो 'बरं' म्हणून जिलेबीकडे वळायचा. जरा ओळखीच्या माणसाला सांगायचो, "बंदुकांना लेप चढवतो," की तो खुर्ची पुढे ओढायचा आणि आपल्या मेव्हण्याला कुणीतरी कशी धमकी दिली होती ते सांगू लागायचा. दोन्ही उत्तरं खरी होती. आता भिवंडीजवळच्या राहनाळचं वर्कशॉप दुसऱ्याच्या हाती देऊन मी घरी बसलोय, तेव्हा तिसरं उत्तर नीट सांगतो.

आमचं मूळ काम लूमच्या भागांचं. भिवंडीत कापड विणलं जातं आणि लूमचं लोखंड खाडीच्या हवेने गंजतं. गंजलेल्या फणीतून सूत गेलं की पांढऱ्या कापडावर तांबूस रेघ उतरते आणि मालक मग कुणाच्या आईवडिलांचा उद्धार करायचा हे ठरवत बसतो. त्या फण्यांना, सळयांना, हुकांना आम्ही रंग भाजून द्यायचो. पुढे सिरॅमिकचा लेप आला. केसाच्या जाडीपेक्षाही पातळ फवारायचा आणि भट्टीत नानकटाईसारखा भाजायचा. भट्टीत जाताना तो बोट लागलं तर फिसकटेल असा असतो. बाहेर आल्यावर त्यावर नाणं घासा, ओरखडा उठत नाही. नाणंच झिजतं आणि त्याची रुपेरी रेघ लेपावर उमटते, ती पुसली की खाली काही नाही. हे मी हजारदा पाहिलं आणि हजारदा नाणं घासून पाहिलं. कामगार हसायचे. हसू देत.

बंदुका आल्या त्या याकूबचाचांमुळे. ते परवानाधारक बंदूक-कारागीर. बंदूक आमच्याकडे एकटी कधी येत नसे. मालक यायचा, त्याचा परवाना यायचा आणि काम संपेपर्यंत चाचा स्टूल टाकून बसायचे. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागून काडतूस कोंडणारा दांडा, ते आधी काढून घेत आणि आपल्या जेवणाच्या डब्यात, चपात्यांच्या खालच्या खणात ठेवत. म्हणत, "अब ये बंदूक नहीं, पाइप है. अब करो जो करना है."

गिऱ्हाइकांमध्ये नेमबाज थोडे, हौशी फार. गोदामांना जमिनी देऊन बरकत आलेल्या मंडळींपैकी काहींना परवान्याची बंदूक भिंतीवर शोभते असं वाटतं. त्यांना सोनेरी हवी असायची. वाघाचे पट्टे हवे असायचे. एकाला नळीवर सात पिढ्यांची नावं हवी होती. मी म्हटलं, नळी चौथ्या पिढीत संपते. या मंडळींना एक गोष्ट समजावताना माझा जीव जायचा. जुन्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा भाग, लाकडाचा असे. नव्यांचा सिंथेटिक असतो, काचतंतू आणि राळ यांचा. पोलादाला लेप बसायला जी आच लागते तिच्यात तो दस्ता टिकत नाही. त्याला वेगळा लेप आणि वेगळी, मंद ऊब लागते. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसावं त्याहून थोडी जास्त, आणि तीही दिवसभर. पण गिऱ्हाइकाला वाटायचं की एकाच भट्टीत, एकाच वेळी भाजलं तरच रंग जुळेल. एकाने मेव्हण्याच्या कारखान्यात तसं करून घेतलं आणि मग दस्ता सरळ करून मागायला माझ्याकडे आला. तो दस्ता गोणीतून निघाला तेव्हा याकूबचाचा तो उलटसुलट करून पाहत म्हणाले, "माशाल्ला, अब कोने में से भी गोली मार सकते हो."

या सगळ्यात एक दिवस खारबावची भाविका आली. बरोबर तिचे जनार्दनमामा होते. राहनाळला त्यांची तीन गोदामं. आवाज असा की ते बोलायला लागले की आमचा कॉम्प्रेसर शांत वाटावा. भाविका स्पर्धेतली नेमबाज. ज्या रायफलीने उभं राहून, पन्नास मीटरवर, टिकलीएवढ्या मध्यावर नेम धरतात त्या खेळातली. रायफल परदेशी, दस्ता सिंथेटिक. ती मामांनी घेऊन दिली होती आणि हे त्यांनी बसायच्या आधीच दोनदा सांगितलं.

"दिनू, पोरगी आता देशाच्या निवडीला उतरनार हाय," मामा म्हणाले. "पेपरात फोटू येनार. बंदूक कशी सोन्यासारखी चमकली पायजे. आनि दस्त्यावर आपल्या गोदामाचं नाव."

"मामा, चमकली तर माझ्याच डोळ्यात येईल," भाविका म्हणाली. "काका, मला गंज थांबवून हवाय. बाकी काही नको."

तिने रायफल पेटीतून काढली आणि मी चष्मा लावला.

गंज मी जन्मभर पाहिलेला. काही माणसांचा घामच पोलाद खातो. आमच्याकडे त्याला खारा हात म्हणतात. लूमच्या फणीत सूत भरायच्या कामाला खाऱ्या हाताचा माणूस कुणी ठेवत नसे. अशा हाताने धरलेल्या वस्तूवर गंज पसरट असतो, इकडेतिकडे फासल्यासारखा, कारण माणूस वस्तू रोज वेगळी धरतो. भाविकाच्या रायफलीवर, नळीच्या मागच्या जाड भागाच्या उजव्या अंगाला, जिथे दस्ता धरताना अंगठा टेकतो, तिथे एक लंबगोल होता. तपकिरी, खरबरीत आणि कडेला इतका स्वच्छ कापलेला की कुणी साचा ठेवून रंगवला असावा. त्यात तिच्या अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. वर्षभर, रोज शेकडो वेळा तिने ही रायफल उचलली असणार, आणि अंगठा दर वेळी तिथेच पडला होता. एका केसाने इकडे नाही की तिकडे नाही.

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनीही पाहिलं होतं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"हे असंच ठेवायचं का?" मी तिला विचारलं.

"नको काका. आत खड्डे पडायला लागलेत. असंच चाललं तर रायफल किती दिवस टिकेल? आणि दुसरी काही मिळणार नाहीये."

मामांनी मान डोलावली. सोनेरी रंगावर तडजोड अशी झाली की रायफलीच्या पेटीच्या बिजागऱ्या आणि कड्या सोनेरी करायच्या. रायफल राखाडी. मामा नाराज होते, पण पेटीही फोटोत येते असं चाचांनी त्यांना पटवलं.

काम ठरलं ते नेमकं खंडेनवमीला. त्या दिवशी भिवंडीत दुपारपर्यंत यंत्रांची पूजा होते आणि पूजेनंतर यंत्र चालवत नाहीत. मी हिशेब केला होता की सकाळी लवकर पोलाद साफ करायचं, लेप भाजून घ्यायचा आणि मग पूजा. भाविका सकाळीच रायफल घेऊन आली आणि चाचांनी दस्ता वेगळा केला. आम्ही वाळूसारख्या बारीक खड्याने, हवेच्या दाबाखाली, जुना रंग आणि गंज उडवला. तो लंबगोलही उडाला. खालचं पोलाद राखेच्या रंगाचं झालं. अशा उघड्या पोलादाला हातमोज्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, त्याच्याजवळ शिंकायचंही नाही. आणि तेवढ्यात वीज गेली.

वीज आली तेव्हा तिच्याबरोबर मामाही आले. गुरुजी, नारळ, झेंडूच्या माळा, दोन पुतणे. मी आत ॲसिटोनची बाटली शोधत होतो. बाहेर आलो तोवर भट्टीला हार पडला होता, कॉम्प्रेसरवर कुंकवाची पाच बोटं ओढली होती आणि हुकाला टांगलेल्या उघड्या पोलादावर मामांनी स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावून वर नारळाचं पाणी शिंपडलं होतं.

चाचा स्टुलावरून उठलेच होते, पण उशीर झाला होता. "शेठ," ते म्हणाले, "नंगे लोहे पे पानी?"

"शस्त्र हाय चाचा. आज पूजा न्हाय करायची तर कवा करायची?"

"मामा, शस्त्र नाही ते," भाविका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पुतणे दोन पावलं मागे सरले. "माझं खेळायचं साधन आहे. आणि ते आता गंजायला लागलंय. बघा."

खरंच लागलं होतं. पाण्याच्या थेंबांभोवती पिवळसर कडी उमटत होती. परत साफ करायचं तर कॉम्प्रेसर हवा, लेप भाजायचा तर भट्टी हवी, आणि दोघांची पूजा झालेली. माझे कामगार हात बांधून उभे राहिले. रामदुलार हा माझा सगळ्यात जुना माणूस, त्याची विश्वकर्मा पूजा कधीच होऊन गेली होती, पण तोही म्हणाला, "मालिक, पूजा के बाद मशीन को हाथ नहीं लगाएँगे. हाथ कटता है." मी देवभोळा नाही. पण ज्याचे हात यंत्रात जातात त्याला मी याबाबतीत शिकवायला जात नाही.

गुरुजी तोवर पुढच्या गोदामाला गेले होते. मामांनी त्यांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरवर करून भट्टीच्या डोक्यावर ठेवला. पलीकडून दुसऱ्याच कुणाच्या लक्ष्मीची आरती ऐकू येत होती. गुरुजींनी अडचण ऐकून घेतली आणि एका दमात निकाल दिला: उत्तरपूजा करून टाकू, अक्षता वाहा, सुपारी हलवा, देव मोकळा झाला. मग यंत्र चालवा. संध्याकाळी पुन्हा पूजा करा, तिची दक्षिणा वेगळी. मंत्र फोनवरून आला. मामांनी सुपारी हलवली. रामदुलारने कॉम्प्रेसरला नमस्कार केला आणि बटण दाबलं. धर्म आणि विद्युत मंडळ या दोघांनीही परवानगी दिल्याचा असा दिवस भिवंडीत क्वचितच येतो.

पोलाद पुन्हा साफ झालं. आधी नुसतंच भट्टीत ठेवून आतलं लपलेलं तेल घामासारखं बाहेर काढलं, पुसलं, मग लेप फवारला, मग भाजला. दस्त्याचा लेप आम्ही दसऱ्यानंतर मंद उबेवर सावकाश वाळवला. चाचा त्या दिवशी सतत दस्त्याच्या वर, न टेकवता, हात धरून बसले होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. जोडणी झाली. रायफल पावसाळी ढगाच्या रंगाची दिसत होती. मी खिशातून नाणं काढलं आणि चाचांनी माझा हात धरला. "दिनूभाई, ये वाली पे नहीं."

मला वाटलं, चांगलं काम झालं.

निवड चाचणीला थोडेच दिवस राहिले असताना भाविका परत आली. मामा नव्हते. चाचांना तिनेच फोन करून बोलावून घेतलं होतं.

"काका, रायफल छान झालीय," ती म्हणाली. "मी बिघडलेय."

गोळ्या मध्यातून सरकत होत्या. कधी इकडे, कधी तिकडे. प्रशिक्षकांना काही सापडत नव्हतं. चाचांनी बोल्ट काढून डब्यात टाकला आणि रायफल उलटीसुलटी तपासली. दस्त्यातली बैठक जशी होती तशीच, स्क्रू जागेवर. त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "बेटा, ज़रा पकड़ के दिखा."

ती उभी राहिली. रिकामी रायफल खांद्याला लावली, डोळे मिटले, उघडले. आणि मी पाहिलं, तिचा अंगठा हलत होता. थोडा पुढे, थोडा मागे. अंधारात भिंतीवर बटण शोधणाऱ्या हातासारखा.

तो खरबरीत लंबगोल तिला रोज सांगत होता की इथे थांब. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं. मी तो उडवला आणि वर काचेसारखा गुळगुळीत लेप चढवला.

"खरखरीत पट्टी चिकटवू," मी म्हटलं. चिकटवली. तिने धरून पाहिलं आणि नाक मुरडलं. "कुणीतरी दुसऱ्याने अंगठा ठेवलाय असं वाटतं."

मग उरलं एकच. तेवढ्या जागेचा लेप काढायचा, खालचं पोलाद उघडं करायचं आणि तिच्या घामाला पुन्हा त्याचं काम करू द्यायचं. मी हे बोललो तेव्हा चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. "पचास साल ज़ंग निकाला मैंने. अब्बा ने सुन लिया ना, क़ब्र से उठ के थप्पड़ मारेंगे."

"गंज परत खोल जाईल का, चाचा?" भाविकाने विचारलं.

"हफ़्ते में एक बार मैं देखूँगा. हद से आगे नहीं जाने दूँगा. मगर कहाँ निकालना है, ये बताओ. आधा सूत इधर-उधर हुआ तो सब बेकार."

अडचण तीच होती. जुना ठसा उडून गेला होता. मी त्या भागावर खडूची पूड पसरली आणि तिला डोळे मिटून रायफल धरायला सांगितली. पुडीत अंगठा उमटला. मी जागा पेन्सिलीने गिरवली, पूड पुसली, नवी पसरली. दुसऱ्यांदा ठसा वेगळ्याच जागी. तिसऱ्यांदा तिसरीकडे. तिचा श्वास जोरात चालू झाला होता. "येतच नाहीये," ती म्हणाली. "मी नीट ठेवायला जाते आणि येत नाही."

चाचा स्टुलावर बसले. डबा उघडून, बोल्टच्या वरच्या खणातून त्यांनी चपाती काढली.

"तुम लोग खारबाव वाले जिताडा कैसे पकाते हो?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"जिताडा. मछली. तुम्हारी अम्मी कैसे पकाती है? बंदूक उठाओ, और बताते रहो."

"आई ना, आधी त्याला..." तिने रायफल खांद्याला लावली, "हळद-मीठ लावून ठेवते. मग आलं-लसूण वाटून घेते."

"इमली कि कोकम?"

"चिंच. कोकम नाही घालत आमच्यात."

"ग़लत बात है."

"चाचा, तुम्ही कधी आमच्याकडे जेवलायत?"

"बुलाया किसी ने? फिर से उठाओ. तेल कौन सा?"

मी पूड पसरत राहिलो. ती रायफल उचलत होती, उतरवत होती, आईच्या कालवणाची बाजू मांडत होती. आणि अंगठा पडत होता. पहिल्या ठशावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. शेवटी शेवटी मी पूड पुसणंही सोडून दिलं, कारण ठसा पडून गेलेल्या जागी तो पुन्हा पडला तरी कडेचा एक कणही विस्कटत नव्हता. माणसाच्या आत कुठेतरी इतकी अचूक गोष्ट बसलेली असते आणि तिच्याकडे पाहिलं की ती पळते, हे मी वाचलं होतं. हातभर अंतरावरून पाहिलं नव्हतं.

मी चिकटपट्टीला त्याच आकाराचं भोक पाडलं, बाकी रायफल झाकली आणि अगदी बारीक नळीने तेवढाच लेप उडवला. चाळीस वर्षं मी झाकायचं काम केलं. उघडं करायचं काम हे पहिलंच. राखेच्या रंगाचा एक डोळा उघडला. भाविकाने हातमोज्याशिवायच अंगठा टेकवला आणि मान खाली घालून उभी राहिली.

"सापडला?" मी विचारलं.

"अजून नाही. पण इथेच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला की पिवळं पडायला लागलंय. गंजाची बातमी इतक्या आनंदाने मला कुणी कधी दिली नव्हती.

तिची निवड झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं आहे.

चाचणी बघायला मी गेलो. आयुष्यभर बंदुकांचं काम केलं, पण नेमबाजी समोर बसून कधी पाहिली नव्हती. सुरुवातीला जे झालं ते अपेक्षेप्रमाणेच झालं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांच्या भाषणात सीमेवरचा जवान आला, मातृशक्ती आली आणि पाहुण्यांचं स्वतःचं बालपणही आलं. मामा पहिल्या रांगेत होते आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होते. मी घड्याळ पाहत होतो.

मग मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मला आवाजाची धास्ती होती, पण आवाज फार नव्हताच; सुकी काटकी मोडावी तेवढा, आणि मग बराच वेळ काही नाही. त्या काही-नाहीमध्येच सगळं घडत होतं. भाविका रायफल उचलायची, गाल टेकवायची आणि हळूहळू तिच्यातलं एकेक हलणं बंद व्हायचं. आधी पाय. मग खांदे. मग केसांची बट, जिला मी शपथेवर सांगतो वारा लागत होता. रायफलीच्या तोंडाशी एक माशी येऊन बसली आणि तिथेच पंख चोळत राहिली. तिला ती वस्तू कुणी धरली आहे याचा पत्ता नव्हता. कधी कधी भाविका गोळी न झाडताच रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. घाई नव्हती. तिच्या चेहऱ्यावर नेमबाजाचं म्हणून आपण जे चित्र काढतो, दात आवळलेलं, डोळे वटारलेलं, तसं काहीही नव्हतं. दाराशी बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईचा चेहरा असतो तसा होता.

मामा केव्हा माझ्या शेजारी येऊन बसले मला कळलं नाही. त्यांच्या हातात पाहुण्यांसाठी आणलेला दुसरा गुच्छ तसाच होता. ते बोलले तेव्हा आवाज इतका खाली होता की मी आधी वळून पाहिलं, दुसरंच कुणी आहे का म्हणून.

"दिनू," ते म्हणाले, "पोरीचा दम चालू हाय ना रं?"

"हाय," मी म्हणालो. खरं म्हणजे मलाही खात्री नव्हती.